तिसरं उदाहरण

आमचं मासिक कागदावर निघत नाही, फक्त इंटरनेटवर असतं. त्यामुळे आईच्या लेखी ते मासिकच नाही. "रद्दीत घालता येत नाही ते कसलं गं मासिक?" असं ती पाहुण्यांसमोर विचारते, आणि मी दर वेळी तेवढ्याच हिरिरीने तिला समजावते. संशोधक जे निबंध लिहितात ते कोण छापतं, वाचायला कुणाला मिळतात, कुणाला नुसतं कुलूप दिसतं, यावर आम्ही लिहितो. ज्ञान सगळ्यांना फुकट आणि उघड वाचता आलं पाहिजे, असं आमचं म्हणणं. आई मान डोलावते आणि पाहुण्यांना सांगते, "कॉम्प्युटरवर काहीतरी करते."

आम्ही म्हणजे मी आणि मास्तर. मास्तर संपादक, मी बाकी सगळं. एका मोठ्या वाचनालयाच्या मागच्या अंगाला पूर्वी पुस्तकं बांधायची खोली होती, ती आम्हाला दिलेली आहे. भिंतींना अजून खळीचा वास येतो. खिडकी उघडली की लोकांच्या स्कूटर दिसतात.

मास्तरांचा एक नियम आहे. दुसऱ्यांना उघडं व्हा म्हणून सांगायचं असेल तर आपण आधी उघडं असलं पाहिजे. म्हणून आमचा लेख पहिल्या ओळीपासून लोकांसमोर लिहिला जातो. कच्चा मसुदा कुणीही वाचावा, खाली शेरा मारावा. मसुद्यात कुणी काय बदललं, कधी बदललं आणि का बदललं हेही तिथेच दिसतं. बदलाचं कारण लिहिल्याशिवाय तो जतनच होत नाही. आणि एकदा जतन झालेलं पुसता येत नाही, कारण त्याची नक्कल लगेच दुसऱ्या दोन वाचनालयांच्या यंत्रांवर जाते. या नियमावर मी सभांमधून तावातावाने बोलले आहे. कुणी शंका काढली तर त्याला फाडून खाल्लं आहे. तोंड आवरत नाही माझं.

त्या बुधवारी मास्तर अर्धा लेख लिहून दाताच्या डॉक्टरकडे निघाले होते. लेख एका तोतया पत्रिकेवर होता. वनस्पतिशास्त्राचं एक जुनं, मानाचं त्रैमासिक आहे. कुणीतरी त्याची हुबेहूब खोटी वेबसाइट काढली होती. तेच नाव, तेच बोधचिन्ह, संपादक मंडळाचे तेच फोटो. बिचारे संशोधक खऱ्या पत्रिकेकडे पाठवतोय असं समजून निबंध पाठवत होते, आणि खोटी पत्रिका छपाईचे पैसे घेऊन ते न वाचताच छापून मोकळी होत होती.

"तीन उदाहरणं घाल," गाल धरून मास्तर म्हणाले. "खोट्या साइटवर आहेत आणि खऱ्या पत्रिकेत नाहीत असे तीन निबंध. नावानिशी. मोघम लिहिलं की लोक विश्वास ठेवत नाहीत."

मला वनस्पतिशास्त्रातलं ओ की ठो कळत नाही. मी खोट्या साइटवरून वरचे निबंध उचलले, खऱ्या पत्रिकेत शोधले, सापडले नाहीत की मसुद्यात चिकटवले. पहिलं, दुसरं, तिसरं. कारणाच्या जागी 'उदाहरणं घातली' असं लिहून जतन केलं. मग स्वल्पविराम तपासायला म्हणून पहिल्यांदा नीट वाचलं.

तिसऱ्या निबंधाचं नाव होतं 'जुन्या भिंतींवरचं शेवाळ आणि शहराच्या हवेतली धूळ'.

हे नाव मी वर्षभर जेवणाच्या टेबलावर ऐकत आले होते, पत्रिकेचं मात्र कधी लक्षात ठेवलं नव्हतं. लेखिका माझी ताई.

आणि दुसऱ्याच दिवशी ताईची मुलाखत होती. ताई कॉलेजात शिकवते, पण वर्षावर्षाच्या करारावर. दर सुट्टीत तिला पुन्हा बोलावतील की नाही या विचाराने तिची झोप उडते, आणि बोलावलं की जणू नवीनच नोकरी लागल्यासारखी ती कामाला लागते. आता कायमची जागा निघाली होती. तिचं वय जाहिरातीच्या तारखेला अटीत जेमतेम बसत होतं. पुढची जाहिरात निघेल तेव्हा बसणार नव्हतं. म्हणजे हीच एक. आणि अर्जाच्या पहिल्याच पानावर तिने मोठ्या मानाने लिहिलं होतं, या निबंधाचं आणि त्या जुन्या त्रैमासिकाचं नाव.

मी निबंध काढून टाकला. विचार केला असं म्हणणार नाही, हात गेला. त्याच्या जागी खोट्या साइटवरचा पुढचा निबंध आणून चिकटवला. जतन करायला गेले तर यंत्राने नेहमीसारखं विचारलं, बदलाचं कारण?

आता कुणीही शहाण्या माणसाने 'किरकोळ दुरुस्ती' लिहिलं असतं. मी इतकी वर्षं त्या चौकटीत खरंच लिहीत आलेय. कुणाशी नातं असेल, मैत्री असेल, तर ते आधी सांगायचं, असा आमचा शिरस्ता. बोटांनी आपण होऊन लिहिलं, 'लेखिका माझी सख्खी बहीण आहे.' आणि जतन केलं.

घरफोडी करून चोराने दारावर आपल्याच नावाची पाटी लावावी, तसं हे झालं.

मसुद्यात ताईचं नाव नव्हतं. पण शेजारीच बदलांच्या नोंदीत स्पष्ट दिसत होतं की होतं, काढलं, आणि का काढलं. खालचा आकडा सांगत होता की त्या घटकेला बरेच जण मसुदा वाचत होते. आमचे वाचक कोण? ग्रंथपाल, प्राध्यापक, समित्यांवरची माणसं. नेमकी तीच माणसं. मी खुर्चीतून उठले, खिडकी उघडली, लावली, पुन्हा उघडली. परत येऊन बघते तर एक शेरा पडला होता. 'बहिणीला वेगळा न्याय का?'

मास्तरांना फोन लावला. त्यांचा अर्धा जबडा बधिर होता.

"मास्तर, एक नोंद पुसायचीय. आजच्या आज. तुम्ही वाचनालयांना सांगा, त्यांच्याकडून पण काढू देत."

"काय झालं?"

मी सगळं भडाभडा सांगितलं. पलीकडे कुणाच्या तरी दाताला यंत्र लागल्याचा आवाज येत होता.

"नाही पुसायचं," ते म्हणाले.

"अहो, उद्या मुलाखत आहे तिची!"

"ऐकलं मी. बहीण आहे असं लिहिलंस ते बरोबर केलंस. निबंध काढलास ते चुकलं. परत घाल."

"उद्या संध्याकाळी घालते. मुलाखत होऊ द्या."

"आणखी एक ओळ वर घाल. हे लेखक फसवले गेलेले आहेत, फसवणारे नाहीत. मी घालायला हवी होती ती, राहिली. उदाहरणाचं तुझं तू ठरव. पण तिला आज सांग. उद्या तिथे दुसऱ्या कुणी सांगितलं तर ती तुला माफ करणार नाही."

मी ती ओळ घातली. जाड अक्षरात घातली. मग खोलीला कुलूप लावून घरी निघाले. बसमध्ये शेजारची बाई मोबाइलवर काहीतरी वाचत होती. आमचाच मसुदा वाचते आहे की काय, म्हणून मी मान वाकडी करून बघितलं. ती दुधाचा हिशेब करत होती.

घरी मुलाखतीची तालीम चालली होती. टेबलाच्या एका बाजूला ताई, हात मांडीवर ठेवून ताठ बसलेली. दुसऱ्या बाजूला चष्मा लावून आई, समितीची अध्यक्ष.

"भिंतीवरचं शेवाळ जातं कशाने?" आईने दरडावून विचारलं.

"अगं आई, मी ते घालवत नाही. मोजते."

"मोजून काय होतं? आमच्या मोरीत या आणि मोजा."

ताई खळखळून हसली. कितीतरी दिवसांनी ती तशी हसली होती, आणि ते हसू मला मोडायचं होतं. चप्पल काढायच्या आत मी बोलून टाकलं, नाहीतर बोलले नसते.

ताईने लॅपटॉप ओढला आणि दोन्ही वेबसाइट शेजारी शेजारी उघडल्या. खोटी चकचकीत होती. खरी फिकट, अक्षरं बारीक, पहिल्या पानावर गेल्या वर्षीची सूचना अजून तशीच लटकत होती.

"ही मी बघितली होती," खऱ्या साइटवर बोट ठेवून ती म्हणाली. "मला वाटलं ही जुनी, बंद पडलेली असेल. शोधल्यावर दुसरीच आधी आली. मग त्यांचं पत्र पण आलं गं. तज्ज्ञांनी वाचला, फार आवडला म्हणून." ती थांबली. "म्हणजे कुणी वाचलाच नाही."

मला वाटलं होतं ती नोकरीसाठी रडेल. तिला आधी त्याचं वाईट वाटलं.

"तुझा मसुदा दाखव," ती म्हणाली.

मी दाखवला. नोंदीतली माझी ओळ तिने वाचली, तेव्हा मी जमिनीकडे बघत होते. मग ती वर सरकली, उदाहरणं वाचू लागली, आणि तिसऱ्यावर येऊन थिजली.

"हे तू मुद्दाम घातलंस?"

"काय?"

"हे नाव."

"नाव मी बघितलंच नाही. तुझ्या खालचा निबंध होता, उचलला."

"उद्या विषयतज्ज्ञ म्हणून हेच बसणार आहेत माझ्यासमोर. कालच कळलं मला."

नोंदीकडे बघितलं तर काय दिसत होतं? उमेदवाराच्या बहिणीने बहिणीचं नाव झाकलं, आणि त्याच जागी परीक्षकाचं नाव चव्हाट्यावर टांगलं. आदल्या दिवशी. कुणालाही वाटावं धमकीच दिली आहे.

"मग त्यांचंही काढ ना!" आई म्हणाली.

"काढलं तर तेही दिसेल, आई."

"दिसेल, दिसेल! असलं कसलं गं तुमचं ते? घराला दारं नाहीत का?"

आईने मग ताप आल्याचं कळवायची सूचना केली, आणि नंतर देवाला बोलून घेतलं. मी स्वयंपाकघरात येरझाऱ्या घालत होते. डोक्यात एक विचार केव्हापासून वळवळत होता, तो शेवटी मी बाहेर काढला.

"ताई, एक सांगू? तुझा निबंध खोट्या ठिकाणी छापलाय हे त्यांना कळलेलं असो नसो, ते त्याबद्दल उद्या अवाक्षर काढणार नाहीत. काढलं तर त्यांचंही निघेल. तू गप्प राहा, तेही गप्प राहतील."

हे मी म्हणाले. मी, जी सभांमधून घसा ताणून उघडेपणाचे धडे देते. बोलताना माझी मलाच शिसारी आली, पण ताईने हो म्हणावं असंही मला तितकंच मनापासून वाटत होतं.

ताईने लॅपटॉप मिटला. "त्यांचं मी काही बोलणार नाही. ते त्यांचं. माझं मात्र मी सांगणार, त्यांनी विचारायच्या आधी. आता जेवायला वाढ."

दुसऱ्या दिवशी मीही तिच्याबरोबर गेले. लांबच लांब कॉरिडॉर, एका बाजूला बाकं, बाकांवर फायली छातीशी धरून बसलेले उमेदवार. प्रत्येक जण दुसऱ्याची फाईल आपल्यापेक्षा किती जाड आहे ते डोळ्याच्या कोपऱ्यातून बघत होता. दारापाशी कारकून नावं पुकारत होता. ताईचं नाव आलं तेव्हा तिने माझ्याकडे बघितलं नाही, सरळ आत गेली.

मी दाराला कान लावायच्या बेतात होते, कारकुनाने डोळे वटारले. मग नुसती बसून राहिले. आत एकदा खुर्ची सरकली. एकदा कुणीतरी खोकलं. एकदा बराच वेळ काहीच ऐकू आलं नाही, आणि त्या वेळात मी मनातल्या मनात ताईला नोकरी देऊन, काढून घेऊन, पुन्हा दिली.

ती बाहेर आली तेव्हा तिचे कान लाल झाले होते, पण मान ताठ होती.

"सांगितलं," ती म्हणाली. "अर्ज पुढ्यात होता. विषयतज्ज्ञांनी तो निबंध सोडून पुढचं पान उलटलं. मुद्दामच. मी म्हटलं सर, थांबा, त्या निबंधाबद्दल सांगायचं आहे. खोट्या ठिकाणी छापलाय, कालपर्यंत मला माहीत नव्हतं, तो धरू नका. काम खरं आहे, त्यावर काहीही विचारा. मग अध्यक्षबाईंनी खूप विचारलं. शेवाळाचं, धुळीचं. खरंच वाचून आल्या होत्या गं त्या. पहिल्यांदा कुणीतरी वाचलं."

"आणि ते?"

"एकही प्रश्न नाही. नुसते बघत होते."

तिचा हात धरून मी दाबला. पुढचा उमेदवार अजून आत गेला नव्हता, तोच दार उघडलं आणि विषयतज्ज्ञ बाहेर आले. उतारवयाचे, किरकोळ अंगाचे गृहस्थ. कोपऱ्यातल्या पिंपातून त्यांनी पेलाभर पाणी घेतलं, पण प्यायले नाहीत. पेला हातात धरून आमच्यासमोर येऊन उभे राहिले.

"तुम्हीच का त्या बहीण?" त्यांनी मला विचारलं.

"हो, सर."

"काल दुपारपासून मला सहा जणांनी पाठवलंय ते." ते चिडलेले दिसत नव्हते. चिडले असते तर बरं झालं असतं, मला भांडता येतं. "आयुष्यभर विद्यार्थ्यांना सांगत आलो, नीट बघून पाठवा. मीच बघितलं नाही. तुम्ही यांचं नाव काढलंत. माझी काही कुणी बहीण नाही तिथे."

"सर, मी नाव बघितलं नव्हतं. खरंच सांगते. यांचं आजच परत घालते."

"घाला. माझंही राहू द्या." त्यांनी ताईकडे बघितलं. "तुम्ही आत बोललात, त्यानंतर मला तिथे बसता येणार नाही. तुमच्या बाजूने मत दिलं तर घाबरून दिलं म्हणतील, विरुद्ध दिलं तर सूड म्हणतील. आणि मलाही कळणार नाही खरं काय ते. मी अध्यक्षांना सांगतो."

ताई पटकन उठली. "नको, सर. असं नका करू."

"तुम्हीच तर शिकवलंत आत्ता," ते म्हणाले, आणि पेला तसाच भरलेला बाकावर ठेवून आत गेले.

मला वाटलं, किती सरळ माणूस. खरंच असंच वाटलं, आणि बरंही वाटलं. ताईला कसली भीती वाटते आहे ते माझ्या ध्यानातच आलं नाही. ती उभीच राहिली होती, दाराकडे बघत.

बऱ्याच वेळाने कारकून बाहेर आला. त्याने घसा खाकरला.

"विषयतज्ज्ञांनी वैयक्तिक कारणाने समिती सोडली आहे. त्यांच्याशिवाय समिती पूर्ण होत नाही. आजच्या मुलाखती रद्द. झालेल्याही धरल्या जाणार नाहीत. जागेची जाहिरात नव्याने निघेल, सगळ्यांनी पुन्हा अर्ज करावेत."

बाकांवर गलका उठला. कुणी प्रवासाचं बोललं, कुणी रजेचं. फायली बंद झाल्या. कुणीतरी म्हणालं, बरं झालं, माझी तयारीच नव्हती.

"नव्याने," ताई म्हणाली.

तेव्हा मला कळलं. नवी जाहिरात, नवी तारीख. त्या तारखेला ताईचं वय अटीच्या बाहेर.

"ताई, आपण अध्यक्षबाईंना भेटू. त्यांना तुझं काम आवडलंय. त्या काहीतरी…"

"काय करतील? माझ्यासाठी नियम वाकवतील? मग त्यावर लिहिशील का तू?"

तिने हे टोचून नाही म्हटलं, खरंच विचारल्यासारखं म्हटलं. ती बाकावर बसली. फाईल मांडीवर ठेवली, तिच्या कडा नीट जुळवल्या, पुन्हा जुळवल्या.

"मला एक सांग," ती म्हणाली. "यात खोटं कोण वागलं? मास्तर बरोबरच बोलले. तू बहीण आहे म्हणून लिहिलंस, तेही खरंच. मी खरं सांगितलं. त्या सरांनीही जे करायचं तेच केलं. अध्यक्षबाई मन लावून वाचून आल्या होत्या. ज्यांनी फसवलं ते तर कुठे राहतात तेही कुणाला माहीत नाही. मग मी ओरडू कुणावर?"

लहानपणापासून ताई कधी ओरडलेली नाही. घरातलं सगळं ओरडणं मीच करत आले, तिच्या वाटचंही.

"माझ्यावर ओरड," मी म्हटलं. "मी निबंध काढला नसता तर त्यांचं नाव आलंच नसतं. मग ते आत बसून राहिले असते. ओरड माझ्यावर."

तिने माझ्याकडे बघितलं. मला वाटलं ती जाऊ दे म्हणेल, नेहमीसारखी.

"कोणी सांगितलं होतं तुला?" ती ओरडली. सगळा कॉरिडॉर वळून बघायला लागला. "कोणी सांगितलं होतं मला वाचवायला?"

कारकून लगबगीने आला आणि आवाज करू नका म्हणाला. ताईने त्याच्याकडे लक्षच दिलं नाही. ती ओरडत राहिली, आणि मी तिच्यासमोर उभी राहून सगळं ऐकून घेतलं.